भगवंत पाणाड्या आणि पिलांची ऊब

राजुरीत भगवंताला आडनावानं कुणी ओळखत नाही. नवा पोस्टमन आला की गावभर हिंडतो, भगवंत नावाची दोन-तीन घरं धुंडाळतो, आणि मग पारावरचं कुणीतरी म्हणतं, "पाणाड्या तात्या म्हणा की राव सरळ. उगं पाय कशाला मोडताय."

तात्या जन्मला तो पायांकडून. सुईण त्याच्या आईला म्हणाली म्हणे, "पायाळू हाय गं. ह्याला इजंपासनं जप, आन् पाण्यापासनं अडवू नको." आईनं दोन्ही ऐकलं. ढग वाजायला लागले की भगवंताला घरात कोंबायचं, आणि कुणी विहिरीची जागा बघायला बोलावलं की धुतलेला सदरा घालून पाठवायचं. मिसरूड फुटायच्या आत पोरगा पाणाड्या झाला होता.

रीत ठरलेली. ज्याचं रान त्यानं शेंडीवाला नारळ तात्याच्या हातावर ठेवायचा. तात्यानं चपला बांधावर काढायच्या. मग नारळ उघड्या तळहातावर आडवा, आणि पावलं अशी टाकायची की खाली कुणी झोपलंय आणि त्याला जागं करायचं नाही. बांधावरची माणसं गप. चालता चालता कुठंतरी नारळ थरथरायचा, शेंडीकडून उचलला जायचा आणि उभा राहायचा. तिथं दगड ठेवायचा. पैसा घ्यायचा नाही, चहा चालतो. पाणी लागलं की तोच नारळ त्या जागी फोडायचा.

"तात्या, नारळ कसा उभा करता हो?" असं एखाद्या पावण्यानं विचारलं, तर तात्या रागवायचा नाही, पण दुरुस्त मात्र करायचा. "मी करत न्हाई. त्यो राहतो."

विहिरींच्या काळात त्याचं नाव मढपासून बेल्ह्यापर्यंत होतं. बोअर आले तरी नाव टिकलं. मग पाणी खाली गेलं. आणखी खाली गेलं. नारळ आपला इमानानं उठायचा, दगड ठेवला जायचा, बोअरची गाडी यायची, आणि भोकातून पांढऱ्या भुकटीचा लोट उठून अख्ख्या रानावर पिठासारखा बसायचा. तात्याच्या तोंडावर कुणी काही बोललं नाही. राजुरीची माणसं तशी सभ्य. ती फक्त यायची बंद झाली. कुणी तांब्याच्या तारांवाला आणला, कुणी मशीनवाला. इकडं तात्या घरात सांगायचा, "हात दुखतोय माझा, म्हणून म्या जात न्हाई कुठं."

त्याची बायको ठकूबाई भाकरी थापता थापता म्हणायची, "व्हय तर. बोलावणी लई येत्यात, हात तेवढा दुखतोय."

अशात एका थंडीच्या दिवशी, ऊन कलताना, रखमाजीची सून स्नेहल त्याच्या दारात आली.

रखमाजी म्हणजे तात्याचा लहानपणापासूनचा जोडीदार. दोघांची रानं बांधाला बांध लागून. रखमाजीचा मुलगा भरत चाकणला कंपनीत. सुट्टीला येतो, झोपतो, जातो. घरचं रान रखमाजी बघतो, आणि रानातली कोंबड्यांची शेड स्नेहल बघते. शेड तिच्या डोक्यातली, तिच्याच हातची. कंपनी एका दिवसाची पिल्लं आणून टाकते, ही वाढवते, महिना-सव्वा महिन्यानं कंपनीचा टेम्पो येऊन घेऊन जातो. सगळा खेळ पहिल्या आठ-पंधरा दिवसांचा. पिलाला अंगची ऊब नसते. गार पडलं की ती एका कोपऱ्यात गोळा होतात, एकावर एक चढतात, आणि खालची गुदमरतात. गेल्या थंडीत एका पहाटे शेड तापवायच्या बुखारीतला कोळसा विझला होता. स्नेहलनं सकाळी पडदा उचलला तेव्हा कोपऱ्यात पिवळा ढीग होता, आणि वरची तेवढी जिवंत होती. त्यानंतर किती दिवस तिनं त्या कोपऱ्यात पाऊल टाकलं नाही, हे गल्लीला माहीत होतं.

ती आली ती उंबऱ्यावरच बसली.

"तात्या, मामांनी नारळ काढून ठेवलाय."

तात्यानं सुपारी कातरायची थांबवली. "कशाला?"

"बोअरला. उद्या जागा दाखवायला या म्हणालेत."

"पाण्याला बोअर? आत्ता?"

"पाण्याला नाही. उबंला."

ठकूबाई आतून म्हणाली, "उबंला बोअर? का गं, गोधड्या संपल्या का राजुरीतल्या?"

स्नेहल हसली नाही. तिनं सगळं नीट सांगितलं. पुण्याच्या एका संस्थेतली तेजस्विनी नावाची मॅडम, घोडेगावची, पोरगीच आहे. जमिनीच्या पोटात बारा महिने सारखीच ऊब असते. चार बोअर पाडून त्यात नळ्या सोडायच्या, आणि ती ऊब यंत्रानं उचलून शेडच्या फरशीखाली फिरवायची. संस्थेला जुन्नर-आंबेगावात एकाच शेडवर हे करून बघायचंय. खर्च त्यांचा. बोअरची गाडी ठरलीय. आणि इकडं रखमाजी हटून बसलाय.

"मामा म्हणतात, भगवंताच्या नारळाशिवाय माझ्या रानात भोक पडणार नाही. ह्यांनी मागं पाडला होता ना, तुमचा नारळ उठला नव्हता तरी? कोरडा गेला. तेव्हापासनं मामांनी कानाला खडा लावलाय."

तात्याला ते आठवत होतं. भरतनं मशीनवाला आणला होता, आणि त्या दिवशी धुळीचा लोट बघताना तात्याला आतून बरं वाटलं होतं.

"मॅडम म्हणतात, जागा कुठलीही चालंल. मामा म्हणतात, कुठलीही चालंल असली जागाच नसते." स्नेहलनं पदराचा काठ बोटाला गुंडाळला. "तात्या, एक मागू का? उद्या नारळ उभा राहू द्या."

"त्ये माझ्या हातात न्हाई, पोरी."

"तुमच्याच हातात असतोय की तो."

तात्या पुन्हा सुपारी कातरायला लागला. ती उठली, चप्पल घातली, आणि जाताना म्हणाली, "गाडी आमच्यासाठी थांबायची नाही. मामांनी नाही म्हटलं तर उद्याच मंचरकडच्या शेडवर जाईल."

ती गेल्यावर ठकूबाई बाहेर आली. "अवं, एकदा उठवा की त्यो नारळ. तुमचं काय जातंय? पुण्य लागंल."

"उठवला तर त्यो नारळ न्हाई, खेळणं हाय."

"मग खेळा की. पिल्लं जगतील."

तात्याला ठाऊक होतं की मनगट जरासं आत वळवलं की नारळ उठतो. शाळेतली पोरं ते करून दाखवायची. त्यानं उभ्या जन्मात ते केलं नव्हतं. लोकांनी ठेवलेल्या विश्वासापेक्षा हेच त्याला मोठं वाटायचं, की नारळाला त्यानं कधी ढोसलं नाही. पुढं पाणी लागो न लागो.

दुसऱ्या दिवशी तो रानात गेला तेव्हा शेडच्या बाजूला चुन्याच्या चार फुल्या मारलेल्या होत्या. तेजस्विनी टेप गुंडाळत होती. डोक्याला ओढणी बांधलेली, पायांत बूट, बोलणं शिकलेलं. पण तात्या दिसताच "या तात्या, बसा" म्हणाली ते घोडेगावचंच.

"ताई, फुल्या तर मारल्यात तुमी. मग मी कशाला?"

"मामांसाठी," ती म्हणाली. मग तिलाच ते बरं वाटलं नाही. "रागावू नका. मला खरंच जागेचं काही नाही. दोन बोअरमध्ये अंतर पाहिजे आणि शेड जवळ पाहिजे, एवढंच."

"म्हंजी कुठंबी?"

"कुठंबी."

"ह्या बांधाला?"

"चालेल."

"उकिरड्यात?"

"वास सोडला तर चालेल."

तात्या दगडावर बसला. जन्मभर त्यानं 'हितं न्हाई, तितं' एवढंच सांगितलं होतं. त्यावरच माणसं त्याला हात जोडायची. बोट दाखवायला जागाच नसेल, असं काही जमिनीच्या पोटात असतं, हे त्याला पटेना. पण खोटंही म्हणता येईना. थंडीच्या दिवसांत पहाटेचं पाणी द्यायला गेलं की बोअरच्या धारेखाली पाय धरायचे, कोमट लागायचं, बोटांत जीव यायचा, हे तर जुन्नरात कुणालाही विचारा. सगळ्यांच्या बोअरला तसंच लागायचं. त्यात विचार करण्यासारखं काही आहे, असं कुणाला वाटलं नव्हतं.

"म्या वज्रेश्वरीच्या कुंडात न्हालोय," तो म्हणाला. "कढत पानी. तसली उष्णता कोकणात. आपल्याकडं कुठली?"

"ती वेगळी. ती तिथल्या भेगांतून वर येते. लडाखला तर नुसती वाफ निघते जमिनीतून. तिथं त्या वाफेवर वीज करायची म्हणून खोल बोअर पाडायचं चाललंय. खूप वर्षं चाललंय म्हणा. उंची, बर्फ, गाडी पोचवायची तरी कशी."

"मग झाली का वीज?"

"जमिनीच्या उष्णतेवरची वीज आपल्या देशात अजून नावापुरतीच. सरकारचं धोरण आत्ता कुठं आलंय. बाहेर असे देश आहेत, जिथं गावंच्या गावं या पाण्यावर गरम राहतात. आपल्या कोकणातली कुंडं अंग शेकायला छान, विजेला कमी पडतात. आणखी खोल काय आहे, ते नीट कुणी बघितलेलं नाही."

"आन् हितं?"

"इथं वीज नाही. इथं नुसती ऊब. आपल्या अंगाएवढीही नाही, जरा कमीच. पण हिवाळ्यात बाहेर हात गारठतात तेव्हा तीच खूप वाटते ना? ती उचलून वाढवायची. फ्रिज मागून गरम लागतो बघा. आतली ऊब मागं टाकतो म्हणून. हे तसलंच यंत्र. जमिनीतलं उचलायचं, फरशीत टाकायचं. उन्हाळ्यात उलटं. शेडमधली उष्णता खाली सोडायची."

मागं रखमाजी येऊन उभा होता, हातात नारळ. "आन् लाईट गेली की? यंतर काय शेणावर चालतं का?"

"लाईट लागते, मामा. पण सगळी ऊब लाईटनं करायची तर जेवढी लागेल, त्याच्या तिसऱ्या हिश्श्यात भागतं. आणि तापलेली फरशी काही तास धरते."

"आन् नळ्या सोडल्यावर भोकाचं काय?"

"बुजवायचं. कडेनं माती-सिमेंट भरून."

रखमाजीनं तात्याकडं बघितलं. "ऐकलंस का भगवंता? मी जलमभर भोकं पाडली, त्यातली आर्धी बुजवावी लागली म्हणून रडलो. ही बाई बुजवायसाठीच पाडतीया."

"सगळीकडं होणार का हे?" तात्यानं विचारलं.

तेजस्विनीनं हातातला टेप खाली ठेवला. "खरं सांगू? माहीत नाही. कांद्याची चाळ, द्राक्षाचं कोल्ड स्टोरेज, दवाखाना, कुठंही चालेल. पण बोअरचा खर्च आधीच करावा लागतो आणि यंत्र महाग आहे. ते स्वस्त झालं, कुणी मदत केली, तर गावोगाव होईल. नाहीतर या एका शेडवर राहील आणि लोक बघायला येतील. म्हणून तर ही शेड चालली पाहिजे."

स्नेहल शेडच्या पडद्याशी उभी होती. ती पुढं आली नाही.

रखमाजीनं नारळ तात्याच्या हातावर ठेवला. "धर. उठला तर पाडू. न्हाई उठला तर बाईंची गाडी मंचरला."

तात्यानं चपला बांधावर काढल्या. माती गार होती. किती दिवसांनी तळहातावर ते ओझं आलं होतं, आणि पहिली भीती मनगटाची वाटली. त्यानं मनगट काठीसारखं ताठ केलं. उठायचा तर याचा हा उठू दे.

पहिली फुली गेली. नारळ मेल्यासारखा पडून. दुसरी गेली. बांधावर कुणी खोकललं नाही. तात्याच्या मनात दोन माणसं भांडत होती. एक म्हणे, उठ रे बाबा, पोरीसाठी उठ. दुसरा म्हणे, तिच्यासाठी नको, माझ्यासाठी उठ. हात मेला नाही एवढं मला कळू दे. तिसऱ्या फुलीपाशी त्यानं पाऊल टाकलं, आणि करंगळीखालून ती ओळखीची थरथर आली. त्यानं श्वास धरला. नारळ शेंडीकडून हलला, उचलला गेला, आणि उभा राहिला.

तात्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पण नारळ ढळेल म्हणून ते पुसायला त्यानं दुसरा हात उचलला नाही.

स्नेहल पडद्यापासून चार पावलं पुढं आली होती, हसत. तेजस्विनीनं फुलीकडं बघून मान डोलावली. आणि रखमाजीनं डोक्यावरची टोपी काढली.

"पानी हाय हितं," तो म्हणाला. आवाज हलका, देवळातला. "स्नेहल, भरतला फोन लाव. मोटर बघायला सांग त्याला."

"मामा, मोटर कशाला?"

"कशाला म्हंजी? पानी लागल्यावर त्यात नळ्या घालून बुजवू व्हय? भगवंताचा नारळ उठलाय. ह्ये भोक पाण्याचं. बाकीची तीन बाईंनी घ्यावी."

इतकं सरळ होतं ते, आणि कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. नारळ हातावर घेऊन हिंडलेल्या माणसाच्याही नाही. नारळ उठला म्हणजे पाणी. त्याला दुसरा अर्थच नव्हता.

तेजस्विनीनं ओढणी सोडून पुन्हा बांधली. "मामा, तीन पुरत नाहीत. तीनवर फरशी गार पडेल, आणि मग लोक म्हणतील हे चालत नाही. गाडी ठरलीय ती चार बोअरसाठी. संस्था पाण्याचा बोअर पाडून देऊ शकत नाही. चारही नळ्यांचे असले तर पाडू. नाहीतर मला गाडी वळवावी लागेल."

"वळवा. पानी हाय म्हणल्यावर मी कर्ज काढून पाडीन."

स्नेहल वळली आणि शेडच्या पडद्याची दोरी, जी आधीच बांधलेली होती, ती सोडून पुन्हा बांधायला लागली.

तात्या नारळ धरून उभाच होता. गप्प बसणं फार सोपं होतं. त्याचा काही दोष नव्हता. नारळ उठला होता, सगळ्यांनी बघितला होता. पुढच्या बेल्ह्याच्या बाजारात, बैलांची दावणी सुटायच्या आत, बातमी फिरली असती की पाणाड्याचा हात परत आला. दारात मोटारसायकली लागल्या असत्या. ठकूबाईनं चहाला आधण वाढवलं असतं. त्यासाठी त्याला एक शब्दही खोटा बोलायचा नव्हता. बोलायचाच नव्हता.

त्यानं नारळ फुलीवर ठेवला.

"रखमाजी, मोटर सोडू नको हितं."

"का?"

"उठला खरा. पण ह्यो असाच उठला व्हता बोऱ्यांच्या मळ्यात. आन्याच्या पठारावर उठला. बांगरवाडीच्या वाटंला उठला. खाली काय निघालं?"

रखमाजीनं टोपी झटकली. "ते जाऊ दे."

"न्हाई, सांग. काय निघालं?"

"धूळ."

"तुला ठावं हाय, साऱ्या पंचक्रोशीला ठावं हाय. माझ्या तोंडावर कुणी म्हणत न्हाई एवढंच. तू बी म्हणत न्हाईस. म्हणून आज मीच म्हणतो. नारळ उठतोय, पानी उठत न्हाई. पानी खाली गेलं का माझा हात गेला, त्ये मला बी कळत न्हाई. पण ह्याच्या जिवावर तू कर्ज काढू नको."

वारा सुटला होता. शेडचे पडदे फडफडले.

"मग उठला कशाला त्यो?" रखमाजीनं विचारलं. तक्रार केल्यासारखं.

"त्यालाच इचार."

"आन् म्या ऐकू कुणाचं? नारळाचं का तुझं?"

"माझं ऐक."

रखमाजी बांधावर बसला. चंची काढली, तंबाखू मळली, चुना जास्त झाला म्हणून टाकली, पुन्हा मळली. बोलला तेव्हा तात्याकडं बघत नव्हता. "आन् बुजवल्यावर कळलं की पानी व्हतं, तर?"

"तर जलमभर शिव्या दे. मी रोज सकाळी येतो ऐकायला."

"रोज नको. एकादशीला माझं तोंड धुतलेलं असतंय."

मग त्यानं तेजस्विनीला हाक मारली. "बाई, बोलवा तुमची गाडी. चारी भोकं नळ्यांची. पण एक ह्याच फुलीवर, बरं का. इतकं तरी राहू दे आमचं."

गाडी दुसऱ्या दिवशी आली, तमिळ बोलणाऱ्या माणसांची, वर रॉडचा ढीग. नारळाच्या फुलीवरच पहिलं भोक घेतलं. कॉम्प्रेसर सुरू झाला तसं बोलणं बंद झालं. माणसं हातवाऱ्यांवर आली. आधी लाल मुरूम निघाला, मग काळ्या पाषाणाची पांढरी भुकटी. तात्या वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभा होता. काय व्हावं असं वाटतंय, हे त्याचं त्याला सांगता आलं नसतं. पाणी लागलं तर त्याचा नारळ खरा आणि रखमाजीशी तो खोटा. नाही लागलं तर उलट.

बरेच रॉड आत गेल्यावर भुकटीचा रंग बदलला. करडी झाली, मग तिचे ओले गोळे येऊन पायाशी पडायला लागले. रखमाजी उठून उभा राहिला. तेजस्विनी वाकून गोळा दोन बोटांत दाबून बघायला लागली. सगळ्यांच्या नजरा तात्यावर. एक रॉड. दुसरा रॉड. आणि पुन्हा पांढरा लोट, कोरडा, आभाळाला लागणारा.

गाडी थांबल्यावर रखमाजीच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. "एवढं पानी तर तुझ्या ठकूबाईच्या माठाखाली असतंय," तो म्हणाला.

"ओल आहे ती चांगली," तेजस्विनी म्हणाली. "ओल्या दगडातून ऊब लवकर येते. बाकीची तीन कोरडी निघाली तरी चालतील, हे जास्त चालेल."

तात्या त्या ओल्या गोळ्याकडं बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं तो पायानं बाजूला सारला.

स्नेहल नारळ घेऊन आली. "तात्या, ह्याचं काय करायचं? पाणी तर लागलं नाही. फोडायचा का?"

तात्यानं डोकं खाजवलं. "ह्याला रीत न्हाई गं. आधी कुणी असलं भोक पाडलंच न्हाई." आणि थोड्या वेळानं, "चटणी कर. गाडीवाल्यांना जेवाय वाढ."

बातमी बेल्ह्याच्या बाजारात गेलीच, पण वेगळी गेली. पाणाड्या स्वतःच म्हणाला, नारळावर विसंबू नका. कुणी म्हणालं, म्हातारा चळला. कुणी म्हणालं, शहाणा झाला. दोन्ही म्हणणाऱ्यांनी यायचं कारण उरलं नव्हतं, आणि कुणी आलंही नाही. तात्या घरात हात दुखतोय म्हणायचा बंद झाला. ठकूबाईनं ते हेरलं. चहात आलं तेवढं जास्त घातलं.

पौषात थंडीनं कहर केला. पारावर दुपारपर्यंत शेकोट्या. ओतूरकडं द्राक्षाच्या बागांत लोक धूर करत होते. अशाच एका गारठ्याच्या सकाळी, शेडमध्ये यंत्र बसून नवी पिल्लं येऊन चार-पाच दिवस झाले असतील, रखमाजी बांधावरून ओरडला, "भगवंता, येतोस का? सून म्हणती बघून जा म्हणावं."

दारात औषधाच्या पाण्याची पाटी होती. दोघांनी पाय बुडवले. आत शिरताच तात्याचा चष्मा वाफेनं झाकला गेला. त्यानं तो सदऱ्याला पुसला आणि सवयीनं आधी कोपऱ्यांत बघितलं. पिलांचा गोळा तिथंच असणार. ह्या कोपऱ्यात काही नव्हतं, त्या कोपऱ्यातही नाही. पिल्लं शेडभर सांडली होती. कुठं दोन, कुठं पाच, एखादं एकटंच तुसात पाय पसरून झोपलेलं, एखादं कशाला कोण जाणे पळत सुटलेलं.

"कुठं जास्त ऊब हाय?" त्यानं विचारलं.

"कुठंच जास्त नाही, तात्या," स्नेहल म्हणाली. ती पाण्याची भांडी भरत होती. डोळे जागरणाचे, पण आवाज मोकळा. "तीच तर मजा. एका जागी गोळा झाली तर समजायचं काहीतरी बिघडलंय. परवा लाईट दोन तास गेली होती. मी बुखारी पेटवायच्या तयारीत बसले, ती पेटवावीच लागली नाही. आता उन्हाळा कसा जातो बघायचं. मॅडम म्हणतात, वर्षभराचं बघितल्याशिवाय काही बोलायचं नाही."

तात्या उकिडवा बसला. तूस बाजूला करून त्यानं फरशीवर तळहात टेकला. जरा सरकून दुसरीकडं टेकला. मग आणखी पुढं, गेल्या वर्षीच्या त्या कोपऱ्यात.

दारातून रखमाजी म्हणाला, "काय, लागतंय का काही?"

"समदीकडं सारखंच," तात्या म्हणाला.

"मग आता तुझं कसं व्हायचं?"

स्नेहलनं भांडं खाली ठेवलं. "तात्या, तेजस्विनी मॅडमचा फोन आला होता. मंचरजवळ एका शेडवाल्याला हे करायचंय, अर्धा खर्च तो घालायला तयार आहे. पण त्याचे वडील बोअर बुजवू देईनात. पाडलेलं भोक बुजवायचं म्हणजे घरात अवदसा, म्हणतात. मॅडमचं ऐकत नाहीत. मॅडम म्हणाल्या, तात्या येतील का बोलायला?"

"नारळ घिऊन?"

"नाही. नुसते तुम्ही."

रखमाजी खिदळला. "जा की. सांग त्येला, माझ्यावर भरवसा ठिवू नका, असं सांगायला आलोय."

"त्येच सांगीन," तात्या म्हणाला. एक पिल्लू त्याच्या मनगटाला टोचून बघत होतं. त्यानं हात हलवला नाही. "कधी जायचंय म्हणाली?"

"आजच. गाडी पाठवते म्हणाल्या. सांगू का यायला?"

"सांग. पर दुपारनं. आत्ता जरा हितंच बसू दे."